देवीला लावलेला गोंद

ज्या देवीची चित्रं काढून मला चार लोक ओळखू लागले, त्या देवीवर माझी खरोखर श्रद्धा आहे का, हा प्रश्न धाकट्या भावाच्या लग्नाआधी कित्येक महिने मला छळत होता. विचारणार कोणाला? आमच्या तलासरीकडच्या पाड्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आईबाबांनी भाताच्या खाचरात राबून मला शिकवलं, त्यांच्यासमोर असलं काही बोलणं म्हणजे कृतघ्नपणा वाटायचा. म्हणून मी गप्प राहिले आणि चित्रं काढत राहिले.

माझं वर्षच चित्रांचं आहे. पावसात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू असली की मी आवणीच काढते, कारण वाकलेल्या पाठींचा बाक तेव्हाच डोळ्यांत ताजा असतो. भात कापून झालं की तारपा फुंकणाऱ्याभोवतीचा नाच येतो. थंडीत ताडाची झाडं, त्यावर चढणारी माणसं, खाली मडकी. आणि उन्हाळ्यात लग्नं, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर देवीभोवती काढायची नक्षीची चौकट, चौक. हे सगळं मला काकीने शिकवलं. ती बाबांच्या थोरल्या भावाची बायको, आणि लग्न लावणारी आमची धवलेरी. देवीचा चौक काढताना धवलेरी समोर बसून गाते, सवाशिणी काढतात. काकी गाताना नुसत्या नजरेने सांगायची, कुठली रेघ जड झाली, कुठे जागा सोडायची. तिला तिच्या सासूने शिकवलं होतं आणि सासूला आणखी कोणी. त्या बायकांपैकी एकीचीही एक रेघ आज कुठे उरलेली नाही. भिंत दरवर्षी सारवली जाते, जुनं चित्र नव्या मातीखाली जातं.

भावाच्या लग्नाआधीच्या पौषात काकी गेली. तिच्या हातचं माझ्याकडे काय आहे म्हणून मी घर धुंडाळलं. काही नव्हतं. मला शिकवताना ती जिने रेघ काढून दाखवायची, ती चावून मऊ केलेली बांबूची काडी तेवढी सापडली. शेकडो लग्नांत तिने गाऊन काढून घेतलेले चौक, आणि एकही नाही! तेव्हाच मी मनाशी ठरवलं, भावाच्या लग्नातला चौक मी असा काढेन की तो पुसला जाणार नाही.

म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी तांदळाच्या पिठात मी सुतारकामाचा पांढरा गोंद कालवला. कॅनव्हासवर मी तो थोडा घालतेच, रंग धरून राहतो. कुडाची भिंत खडबडीत म्हणून इथे भरपूर घातला. कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या पाड्यातली धवलेरी गायला बसली होती, आई आणि दोन चुलत भावजया कडेच्या नक्षीला होत्या आणि मधली देवी, पालघट, मी काढली. रेघ इतकी शुभ्र आणि ठसठशीत आली की भावजय म्हणाली, "ताई, ही तर छापलेलीच वाटते!" मला बरं वाटलं. मग रीतीप्रमाणे देवीवर नवं कापड सोडलं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर भगत येऊन देवीला बोलावेल, तेव्हाच ते कापड दूर होतं. तोवर त्याला कोणी हात लावत नाही. देवी प्रसन्न दिसली तर लग्न पुढे. आमच्याकडे देवीशिवाय लग्न लागत नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी कापडाखालची जमीन झाडायला गेले. तिथे पांढरे कपटे पडले होते, नखाएवढे, वळलेले. मला वाटलं पालीने काही पाडलं असेल. मी झाडून टाकले. पाणी पिऊन परत आले तर पुन्हा चार. त्यातला एक उचलला. एका बाजूला पांढरं, दुसऱ्या बाजूला गेरू आणि माती. बाहेर गरम वारा सुटला होता, कूड तापला होता, आणि गोंद सुकून आकसताना भिंतीची मातीच ओढून काढत होता. मी भिंतीला कान लावला. आतून बारीक तडतड ऐकू येत होती.

कापड उचलायची मनाई. आणि न उचलावं तर संध्याकाळी सगळ्या पाड्यासमोर काय दिसेल? मी दाराकडे पाठ करून एक कोपरा वर केला. देवीचा उजवा हात नव्हता. मानेपासून कमरेपर्यंतची पापडी सुटून लोंबत होती. मी कोपरा सोडला आणि तिथेच खाली बसले. नवरीकडची माणसं अच्छाड गावाच्या पुढून निघाली होती. अंगणात भाऊ हळदीच्या अंगाने मित्रांची थट्टा सहन करत होता. मोडलेली देवी बघून म्हातारी माणसं काय म्हणतील ते मला माहीत होतं. त्या मुलीच्या संसारात पुढे काहीही घडलं, तरी बोट या भिंतीकडेच दाखवलं जाईल. मी एकटीने पुन्हा काढावी, तर धवलेरी बसल्याशिवाय देवी काढता येत नाही. आदल्या दिवशीची धवलेरी सकाळीच दुसऱ्या लग्नाला गेली होती, ती रात्री लग्न लावायलाच परतणार. आता या बाया उरल्याच किती! काय करावं कळेना. ज्या देवीवर श्रद्धा आहे की नाही याचा मी महिनोन् महिने विचार करत होते, तिलाच त्या दुपारी मी हात जोडले. बोलायला तोंड नव्हतं.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याचा टेम्पो आला. वाजंत्री आणायला तो अच्छाडच्या नाक्यावर गेला होता. वाजंत्र्यांच्या मागून एक म्हातारी उतरली, कमरेला गाठोडं, कपाळभर कुंकू. "धवलेरीला बसायला पाट नाय काय?" तिने विचारलं.

आई गोंधळली. "बाय, तुम्हाला कोणी बोलावलं?"

"ह्या टेम्पोने. आंब्याचे टाळे बांधलेला टेम्पो येल, त्यात बस, असा निरोप हुता."

नवरा डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटलं आईनेच सांगून ठेवलंय. नाक्यावर आंब्याच्या डहाळ्या बांधलेले तीन टेम्पो होते."

"म्हंजे मी परक्याच्या लग्नात आले!" म्हातारी खो खो हसली. "बरा झाला. पाणी तरी द्याल ना?"

पाणी मी नेलं. तांब्या देताना बोटांना तो पांढरा कपटा चिकटलेलाच होता. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, कपटा काढून चिमटीत चोळला. "ह्या रबर हाय. तांदूळ असा सुटत नाय." मग हळू आवाजात, "कुठं लावलंस?"

मी तिला आत नेलं आणि सगळं सांगितलं. गोंद, काकी, कापड उचललं तेही. मागे आई उभी होती हे मला नंतर कळलं. वाटलं, आता आई कपाळावर हात मारेल. आईने पदर खोचला आणि शेण कालवायला निघून गेली.

म्हातारी पाटावर बसली. "धवलेरी बसली की कापड काढायला हरकत नाय. काढ." मग ओल्या फडक्याने तो सगळा गोंद आम्ही सोलून काढला. जिथे माती निघाली होती तिथे आईने शेणमातीचा पातळ हात फिरवला, वर गेरू. ज्या गरम वाऱ्याने घात केला होता, त्यानेच भिंत अर्ध्या तासात सुकवली. आईने जात्यावरचं पीठ पाण्यात कालवलं, नुसत्या पाण्यात. मी काकीची काडी घेतली. म्हातारी गाऊ लागली. माझी एक रेघ जाड होऊ लागली, तेव्हा ती गाता गाताच नजरेने थांब म्हणाली. अगदी काकीसारखी. डोळ्यांतलं पाणी पुसायला दोन्ही हात पिठाचे, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

कापड पुन्हा सोडलं तेव्हा रस्त्यावर नवरीकडच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. म्हातारीला नवऱ्याने घाईने तिला बोलावलेल्या लग्नाला पोचवलं. भगत आला, त्याने बोलावायच्या आधी मी पुढे होऊन सगळ्यांसमोर चूक सांगितली. लपवून लग्न लागलेलं मला नको होतं. भगताने कापड दूर केलं, देवीकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "एवढी शिकली, तरी हिला वाटलं देवी पळून जाईल! गोंद लावून धरते पोरगी!" आधी एक म्हातारा हसला, मग सगळं अंगण. माझा भाऊ सगळ्यात मोठ्याने. वाजंत्री वाजली.

लग्नानंतर महिन्याभराने लुगडं घेऊन मी त्या धवलेरीकडे गेले. तिचं त्या दिवशीचं लग्न अडलं नव्हतं, तिला न्यायला येणारा टेम्पोच पंक्चर होऊन उशिरा निघाला होता. मी पाया पडले तर म्हणाली, "मी काय केला? मी तं चुकून आले हुते." मी वाद घातला नाही. तीन टेम्पोंपैकी ती आमच्या टेम्पोत का बसली, याचं उत्तर मला द्यायचं नाही. मला एवढंच समजलं की काकीचं काहीच उरलं नाही हे माझं म्हणणं खोटं होतं. भिंतीवर शोधत होते म्हणून मला सापडलं नाही.

तो चौक दिवाळीपर्यंत ठळक राहिला. वर्षभरात धुराने काळवंडला, कोंबड्यांच्या पंखांनी पुसटला. पुढच्या उन्हाळ्यात त्या लग्नातली नवरी, माझी भावजय, भिंत सारवायला उभी राहिली आणि चौकासमोर अडखळली. "ताई, तुम्ही काढलेला... फोटो तरी घ्या आधी."

मी देवीला नमस्कार केला आणि शेणमातीची पाटी तिच्या हातात दिली.