भांडणाचा खुराक

माणूस अन्नावर जगतो, औषधावर जगतो, फार तर आशेवर जगतो, असं आपण सगळे समजून चालतो. आमच्या वहिनीचे वडील मात्र उभं आयुष्य भांडणावर जगले, आणि आमच्या अख्ख्या गोतावळ्यात त्यांच्याइतकी ठणठणीत प्रकृती दुसऱ्या कुणाची नव्हती. नोकरी त्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात केली. तिथे काडी ओढायला बंदी, म्हणून ती हौस ते घरी येऊन भागवत, असं वहिनी म्हणायची. निवृत्त झाल्यावर एकटे राहायला नको म्हणून दादा-वहिनींनी त्यांना कोथरूडला आपल्याकडे आणलं. जावयाच्या घरी माणसाने दबून राहावं, हा जगाचा नियम त्यांनी पहिल्याच संध्याकाळी 'हे पडदे कुणी निवडले?' असं विचारून मोडीत काढला. मीही तेव्हा दादाकडेच राहत होतो. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू. मी पडलो जावयाचा भाऊ, म्हणजे मानाचा. त्यामुळे माझा अपमानसुद्धा ते आदरार्थी बहुवचनात करत. "आपण पदवीधर आहात हे आपण होऊन सांगत जा, पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही," असं त्यांनी मला पाहुण्यांच्या देखत सांगितलं होतं, आणि पुढे अत्यंत अगत्याने पोहे वाढले होते.

भांडण हा नानांच्या मते स्वभावदोष नव्हता, पथ्य होतं. त्याला पुरावा म्हणून ते खडकीच्या क्वार्टरमागे पाळलेल्या कोंबड्यांची गोष्ट सांगत. एकदा त्यांतली एकच उरली. सगळं खुराडं तिचं, दाणे मुबलक, तरी बाई पिसं फुगवून कोपऱ्यात बसल्या आणि अंडी द्यायच्या थांबल्या. नानांनी शोधून शोधून एक खाष्ट कोंबडी आणून आत सोडली. दोघींनी एकमेकींना टोचून बेजार केलं आणि थोड्याच दिवसांत दोघी अंडी घालू लागल्या. आम्ही या गोष्टीला हसायचो. पण आमच्या फाटकावरचा कुत्रा आणि समोरच्या बंगल्यातला कुत्रा रोज एकमेकांवर भुंकून गल्ली डोक्यावर घेत, त्यांतला समोरचा आपल्या मालकांबरोबर दुसरीकडे राहायला गेला, आणि आमचा कुत्रा पोळीला तोंड लावेना. वहिनीने पोळी दुधात कुस्करून पाहिली. नाना गॅलरीतून म्हणाले, "दूध वाया घालवू नकोस. त्याला पोळी कमी पडत नाहीये, वैरी कमी पडतोय." तेव्हापासून आम्ही जरा जपून हसू लागलो.

नानांचा स्वतःचा वैरी आमच्या खालच्याच मजल्यावर राहत होता. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अंगाने काडी, पण आवाज शाळा सुटल्याच्या घंटेसारखा. या दोघांत मिळून एक वर्तमानपत्र येई. ते आधी वर उघडायचं की खाली, इथून सकाळ सुरू होई. मास्तर शब्दकोडं शाईने सोडवून पेपर वर पाठवत, नाना त्यातल्या चुकांवर लाल पेन्सिल फिरवून तो परत खाली पाठवत, आणि मग मास्तर जिन्यात येऊन उभे राहत.

"अहो, जन्मभर लाल पेन्सिल मी चालवली. मला शिकवता?"

"म्हणूनच तुमच्या चुका तुम्हाला कुणी दाखवल्या नाहीत."

न राहवून दादा एकदा म्हणाला, "नाना, आपण आपला वेगळा पेपर लावू या का?" नाना जावयाकडे असे बघत राहिले, की जणू त्याने त्यांचं जेवणच बंद करायचा बेत सांगितला होता. खाली मास्तरांच्या मुलानेही हाच शहाणपणा केला, आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं म्हणतात.

मग मास्तरांना हृदयविकाराचा झटका आला. जिवावरचं दुखणं निभावलं, त्यांना घरी आणलं, पण मनाला त्रास होईल असं काही नको, असं डॉक्टरांनी बजावलं. मास्तरांचा मुलगा वर आला आणि अवघडून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण थोडे दिवस..."

"कळलं," नाना म्हणाले. आयुष्यात कुणाचं पहिल्या झटक्यात ऐकल्याचा हा त्यांचा एकमेव प्रसंग.

नंतर खाली माणसांची रीघ लागली. लोक हळू आवाजात गोड गोड बोलत आणि मोसंबी ठेवून जात. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. बोलणं सुटलं, पाठोपाठ खाणंही सुटलं; सून घास घेऊन बसली की "नंतर" एवढंच म्हणत. औषधं लागू पडत होती आणि माणूस मात्र वाळत चालला होता. इकडे वर नानांचंही लक्षण ठीक नव्हतं. एका सकाळी वहिनी घाबरीघुबरी होऊन बाहेर आली आणि दादाला म्हणाली, "अहो, नानांनी आज चहाला नावं ठेवली नाहीत!"

शेवटी मास्तरांची सूनच वर आली. "काका, एकदा खाली या," ती म्हणाली. "आणि आलात की भांडा. डॉक्टरांना विचारलंय मी. बेताने चालेल म्हणाले."

नाना घाबरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि चप्पल पायात सरकवताना मला हळूच म्हणाले, "आपण बरोबर चला. माझ्या तोंडून एखादा शब्द जास्त गेला आणि मास्तरांना काही झालं, तर?" जिना उतरताना त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

खाली नाना खुर्चीच्या कडेला टेकले आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाले, "कसं वाटतंय आता?"

मास्तर भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "झालं. तुम्हीही गोड बोलायला लागलात. म्हणजे मी जाणार हे नक्की."

मग नानांनी घसा खाकरला. "जाल तेव्हा जाल. पण जन्मभर पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलंत, ती शिक्षा आता स्वतः भोगताय होय?"

मास्तर हळूहळू या कुशीवर वळले. "मी कधीही कुणाला भिंतीकडे तोंड करून उभं केलेलं नाही! मी बाकावर उभं करायचो!"

"तेच ते."

"तेच ते कसं? काही अक्कल?" आणि हे आडवं पडून पटवून देता येईना म्हणून मास्तर उशीचा आधार घेऊन उठून बसले. सुनेने चपळाईने मऊ भाताची वाटी त्यांच्या हातात दिली. बाक आणि भिंत यांतला फरक समजावून सांगता सांगता वाटी कधी रिकामी झाली ते त्यांनाही कळलं नाही. सून दाराआड उभी राहून डोळे पुसत होती आणि हसत होती. माझीही अवस्था फारशी वेगळी नव्हती.

त्यानंतर मास्तर आणखी काही वर्षं जगले, आणि दोघांनी त्यातला एकही दिवस वाया घालवला नाही. मग एकदा दुपारी मास्तर वामकुक्षीला म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. नाना खांदा देऊन आले आणि गप्प झाले. वहिनीने आम्हा सगळ्यांना फर्मान सोडलं, येता-जाता नानांशी भांडायचं. आम्ही मनापासून भांडलो. दादाने राजकारण काढलं, त्याच्या मुलांनी क्रिकेट काढलं. मी तर खडकीत माणसं राहतातच कशी, असं विचारून थेट त्यांच्या मर्मावर बोट ठेवलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आपला प्रयत्न चांगला आहे हो. पण तुम्ही सगळे माझ्याशी जपून भांडता. मास्तर जपत नव्हते."

खरं तर तिथल्या तिथे त्यांना खोडून काढायला हवं होतं. पण त्या दिवशी मला ते जमलं नाही.