बायला लावलेला कौल

आमच्या पोळी-भाजी केंद्राची बाय गेली, आणि तिचं तेरावं झाल्यावर आम्ही पुन्हा चुली पेटवल्या, तेव्हा सगळे म्हणाले, काय शिस्त आहे हो, मालकीण गेली तरी पुन्हा सुरू केल्यापासून एक डबा चुकला नाही. खरंच चुकला नाही. मला मात्र नेमकी त्याचीच भीती वाटायला लागली.

काळाचौकीला चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, आणि आम्ही मोजक्या जणी, सगळ्या कोकणातल्या. केंद्र उभं केलं बायने. कुठली ऑर्डर घ्यायची, कुणाला कधी रजा, सगळं तीच ठरवायची. उभी कायम दाराजवळ. भाजी झाली की करणारीने पळी तिच्यापुढे धरायची, ती चाखायची आणि नुसतं ‘हं’ म्हणायची. मग डब्यांची झाकणं लागायची.

ती गेल्यावर त्या जागी कोणी पाय ठेवीना. उकळता टोप नेणारीसुद्धा वळसा घालून जायची. आणि भाजी झाली की करणारी पळी रिकाम्या हवेत धरून थांबायची. लाटणी थांबायची. मग कुठून तरी ‘हं’ यायचं आणि काम सुरू. मला वाटलं, आमच्यातलीच कोणी सवयीने म्हणत असेल. एकेकीला विचारलं. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीने म्हटलं. ते कोण म्हणायचं, मला आजही ठाऊक नाही. भर सकाळची वेळ, खिडकीतून ऊन आत आलेलं, म्हणून तर जास्त अंगावर यायचं.

मग कौल सुरू झाला. गावी देवळात लावतात ना, तोच. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. भाजी करणारीने एकदा बायच्या फोटोच्या काचेला दोन पाकळ्या लावल्या. नुसतं विचारायला, की भाचीच्या लग्नाला गावी जाऊ का. उजवी पडली, गेली. नंतर एका मोठ्या ऑफिसच्या जेवणाचं विचारलं, तर डावी. आम्ही नाही म्हणून कळवलं, आणि थोड्याच दिवसांत ते ऑफिसच बंद पडलं. त्यानंतर कुणाची काही बोलायची टाप राहिली नाही. मीठ सोडून सगळं फोटोला विचारायचं. मीही हात जोडायची, का नाही जोडणार? देवाचा कौल आपण माणसाला लावतोय, हे मनात येऊनसुद्धा.

आणि चाळ पाडायची नोटीस आली. करी रोडला नवीन टॉवरच्या मागच्या बाजूला एक गाळा मिळत होता. संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो, असा बिल्डरच्या माणसाचा फोन. गाळा गेला तर केंद्र बंद, आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या घरात चूल त्याच्यावर पेटते.

डबे गेल्यावर पाकळ्या लावल्या. पडेनात. आम्ही बसून राहिलो. पंखा बंद केला, उगाच वाऱ्याने पडल्या असं नको. पाकळ्या सुकल्या, कडेने काळ्या पडल्या, तरी काचेला चिकटून. फोटोतली बाय आमच्या डोक्यांवरून दाराकडे बघत होती.

“ती रागावली असतली,” भाजी करणारी म्हणाली. “आमचाच कायतरी चुकला.”

कुणाचं काय चुकलं, हे मग हळूच सुरू झालं. मला एकदम बाय जिवंतपणी कशी होती ते आठवलं. ती हो-नाही सांगायची, पण त्याआधी दोन दिवस कुठे कुठे भटकून यायची. पाणी कधी येतं, टेम्पो कुठे लागतो, शेजारी कसे आहेत, सगळं बघून. आम्ही फक्त तिचा निकाल ऐकला. का, असं एकीनेही विचारलं नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही. तिचं ‘का’ तिच्याबरोबर गेलं होतं.

मी म्हटलं, “बाय असती तर इथे बसली नसती गो. जागा बघूक गेली असती. उठा.”

निघालो, तर भर दुपारी तो टॉवरचा मागचा भाग असा गार, असा मुका, की आमच्या चपलांचा आवाज आम्हालाच नको झाला. गाळ्यात काळ्या काचेची भिंत होती, तिच्यात आम्ही सगळ्या पुसट दिसत होतो. वॉचमनने विचारलं, तुमच्यात मुख्य कोण? आणि काय सांगू, आम्ही सगळ्यांनी एकदम मान वळवून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तो बिचाराही आमच्या मागे बघायला लागला.

मला तेव्हाच कळलं. आता माझ्याकडे बघतील, मी काही बोलले की तेच धरून चालतील, आणि मी मेल्यावर माझ्या फोटोला पाकळ्या लावतील. म्हणून मी हो-नाही काहीच बोलले नाही. म्हटलं, प्रत्येकीने एक अडचण सांगायची, बघून सांगायची.

पोळ्या लाटणारी धाकटी छताकडे बघत एक फेरी मारून आली. मग म्हणाली, “काकी, धूर जायचा कुठे?”

ते ऐकल्यावर बाकीच्या सुटल्या. मोरीला उतार नाही. पहाटे मागचं गेट उघडेल का? वर राहणाऱ्यांनी फोडणीच्या वासाची तक्रार केली तर? बिल्डरच्या माणसाला फोन धाकटीलाच लावायला दिला. धुराड्याची आणि गेटची अट तिने नीट सांगितली. तो म्हणाला, विचारून सांगतो. ती वाट बघणं कौलापेक्षा वाईट होतं, कारण ‘नाही’ आलं असतं तर ते बायचं नव्हे, आमचं ‘नाही’ असतं.

गाळा मिळाला. धुराडं बिल्डरशी भांडल्यावर बसलं, गेटची किल्ली अजून वॉचमनकडेच आहे. बायचा फोटो तिथेही आहे, हार घालतो, विचारत काही नाही. पहिल्याच आठवड्यात डाळीत गूळ घालायचा की नाही यावरून दोघी अशा कडाडल्या की वरून कोणीतरी खिडकी लावून घेतली. मध्ये पड, असं एकीने मला खुणावलं. मी कांदे चिरत राहिले.