सहा नंबरमधला ‘युअर मॅन’

फौजेत आमच्या लंगराबाहेर झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. मी तिथला आचारी. जेवण तयार झालं की मी त्या तुकड्यावर हातोडी मारायचो. ठण्ण! आवाज सगळ्या बराकींतून फिरायचा आणि त्याच्यामागून माणसं यायची. थकलेला असो, रुसलेला असो, घरच्या पत्रानं डोळे भरलेला असो, माणूस ताट घेऊन यायचाच. तो आवाज ऐकून न आलेला माणूस मी पाहिला नाही.

किती वर्षं झाली, अजून तो कानात आहे.

किस्सेही असेच राहतात. मी शिकलो जेमतेम, बोलायलाही सावकाश. पण घरात रिकाम्या बरण्या साठतात ना, टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नसते, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. माझी मुलगी मनीषा इथे परदेशात, मलिंगार गावात नर्स आहे. तिच्याबरोबर क्लोनडॉकिनला तिच्या मैत्रिणीकडे जेवायला गेलो की तिथली कंपनीवाली पोरं म्हणतात, "काका, तुमच्या म्हाताऱ्या सोल्जर लोकांचा एक किस्सा होऊन जाऊ दे!"

मी हसायचे तेवढे सांगतो. आज बाकीचेही सांगतो.

* * *

आमच्या गावाबाहेर निवृत्त सैनिकांचं एक छोटं हॉस्पिटल आहे. बायको गेल्यावर मनीषानं मला इकडे आणलं. मी दिवसभर खिडकीत बसून राहायचो, म्हणून तिनंच मला तिथे सेवेला लावून दिलं. तिथे ‘स्पिरिच्युअल केअर टीम’ म्हणून एक प्रकार होता. आजाऱ्याच्या मनाचं बघायचं, देवाधर्माचं बघायचं. टीममध्ये तिघं. फादर टॉम, सिस्टर बर्नी नावाच्या नन, आणि मी. मी खुर्च्या मांडायचो आणि चहा करायचो.

मग २०२० साल आलं. सरकारनं सांगितलं, सत्तरीपुढच्या माणसांनी घराबाहेर पडायचं नाही. फादर सत्तरीपुढे. सिस्टर त्यांच्याही पुढे. मी सदुसष्ट!

हेड नर्स ईफाचा फोन आला. "अभिनंदन, शंकर! आजपासून तुम्ही टीम लीडर."

मी विचारलं, "टीममध्ये कोण कोण?"

"तुम्ही!"

घाबरून फादर टॉमला फोन लावला. "फादर, मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत."

"तुला बसता येतं का, शंकर?"

"येतं."

"मग झालं. आम्ही एवढं शिकून शेवटी तेच करतो."

* * *

लीडर म्हटल्यावर नावाची पाटी आली, छातीवर लावायची. ऑफिसात कुणीतरी फोनवर नाव ऐकून छापली होती. शंकर नाही. शॉन केर!

मनीषा हसून हसून लाल झाली. म्हणाली, "बाबा, तुम्ही केर झालात!" मी म्हणालो, असू दे, फौजेत निम्मा वेळ केरच काढलाय.

पण इथे केर हे आडनाव असतं, आणि म्हणे बहुतेक उत्तरेकडच्या प्रॉटेस्टंट लोकांचं असतं. आणि इथले म्हातारे पक्के कॅथलिक. मला काय माहीत! पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्यानं पाटी वाचली, मला खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "मिस्टर केर, मला बाकी काही अडचण नाही. पण तू प्रॉटेस्टंट आहेस हे आधी सांगायला हवं होतंस."

* * *

त्याच आठवड्यात ईफा घाईत माझ्याजवळून जाताना म्हणाली, "युअर मॅन इन सिक्स सकाळपासून काही खात नाही."

युअर मॅन! म्हणजे माझा माणूस. मला वाटलं, लीडर केल्यावर फौजेत जशी माणसं वाटून देतात तशी इथेही दिली असणार. सहा नंबरचा माझ्या वाट्याला आला. मी सूपचा वाडगा घेऊन गेलो.

आत सार्जंट नोएल. उंच, हाडं राहिलेला माणूस. तोफांनी त्याचे कान गेलेले. ओठ वाचून तो सगळं समजायचा, पण आता सगळ्यांच्या तोंडाला मास्क. त्यामुळे गेले काही दिवस जग त्याच्यासाठी अगदीच मुकं झालं होतं. भिंतीकडे तोंड करून पडला होता. हाक मारली, उपयोग नाही. अंगाला हात लावायचा तर भीती, तो काळच तसा. मग मी चमच्यानं पलंगाच्या लोखंडावर हळूच ठोकलं. ठण्ण.

लोखंडातून त्याला कळलं. तो वळला.

डाव्या कानाशी मोठ्यानं बोललं तर थोडं ऐकू जायचं. विचारलं त्यानं, "तुला कुणी पाठवलं?"

मी ओरडून सांगितलं, "ईफा म्हणाल्या, तुम्ही माझे आहात!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एवढा हसला की खोकला लागला. म्हणाला, "बरीच वर्षं झाली मला असं कुणी म्हटल्याला. आण ते सूप."

* * *

सूप पिता पिता त्यानं सांगितलं की तो जेवत का नव्हता. आदल्या दिवशी रविवार होता. हॉस्पिटलात कुणाला आत सोडत नव्हते, घरचे लोक बाहेरच्या हिरवळीवरून खिडकीशी येऊन उभे राहायचे. सगळ्यांच्या खिडकीशी कुणी ना कुणी आलं होतं. नोएलचा मुलगा डेक्लन स्वोर्ड्सला राहतो, एअरपोर्टवर काम करतो. तो आला नव्हता.

"दर रविवारी येतो का?" मी विचारलं.

"नाही. कधीच नाही."

मग कळलं ते असं. नोएलची बायको आजारी असताना त्यानं यूएनच्या फौजेतून पुन्हा लेबनॉनला जायला नाव दिलं. तो तिकडे असतानाच ती गेली. डेक्लन शाळेत होता, एकटा तिच्यापाशी.

"मी दुसऱ्याच्या गावात शांतता राखत होतो!" नोएल म्हणाला आणि वाडगा खाली ठेवला.

त्याला मुलाची माफी मागायची होती. फोनवर ऐकू येणार नाही. चिठ्ठीत लिहायची नव्हती. "माफी मागताना त्याचं तोंड दिसायला हवं," तो म्हणाला. "तो काय म्हणतो ते मला वाचायचंय."

* * *

आता जरा हसायचा किस्सा.

इथल्या माणसाला कसं काय विचारलं की तो म्हणतो, "ग्रँड!" आपण म्हणतो ना ‘बरंय’, तसं. पाय मोडला, ग्रँड. नळीतून श्वास चाललाय, ग्रँड. मी रोज संध्याकाळी फादर टॉमला फोनवर रिपोर्ट द्यायचो. एक नंबर ग्रँड, दोन नंबर ग्रँड, तीन नंबर ग्रँड.

चौथ्या दिवशी फादर म्हणाले, "शंकर, देवाची शपथ, यांना असलं काही विचारू नकोस. मेल्यावर स्वर्गाच्या दारात विचारलं तरी हे ग्रँडच म्हणणार!"

"मग कळायचं कसं?"

"ताटात किती उरलंय ते बघ. तू आचारी ना?"

त्या दिवसापासून मी ताटं बघू लागलो. फादर शहाणा माणूस.

* * *

मॉसी नावाचे एक आजोबा होते, फौजेत ट्रक चालवायचे. त्यांचं जायचं दिसत होतं. घरचं कुणी उरलं नव्हतं. शेवटची प्रार्थना फादर टॉम फोनवर म्हणणार होते. मी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मॉसींच्या उशाशी धरला. फादरांचा आवाज सुरू झाला, आणि मध्येच गेला. त्यांचं घर टेकडीपलीकडे, तिथे रेंज येते आणि जाते.

मी "फादर, फादर" करत राहिलो. मॉसींचे डोळे माझ्याकडे. ते काहीतरी ऐकायची वाट बघत होते, आणि माझ्याजवळ ऐकवायला काही नव्हतं. हात धरला आणि तोंडात आलं ते मराठीत बोललो. "या मॉसीदादा, या. जेवण तयार आहे."

ते गेले.

फादरांचा फोन परत लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "तू काही म्हणालास का?" मी भीत भीत सांगितलं.  

मग फादर म्हणाले, "शंकर, आमचंही यापेक्षा वेगळं नाही. फक्त लांबलचक आहे."

लोकांना हा किस्सा आवडतो. मला मात्र अजून वाटतं, मॉसींना त्यांच्या भाषेतलं एखादं वाक्य मिळायला हवं होतं.

* * *

नोएलच्या सांगण्यावरून मी डेक्लनला फोन केला. म्हटलं, हॉस्पिटलातून बोलतोय.

पहिला शब्द, "गेले का?"

"नाही, नाही!"

"मग कसे आहेत?"

मी नोएलच्या कानाशी ओरडलो, "विचारतोय, कसे आहात!"

नोएलनं ताठ बसून डोक्यावरचे केस सारखे केले. "सांग, ग्रँड."

मी सांगितलं.

"मग झालं तर," डेक्लन म्हणाला, आणि फोन ठेवला.

नोएलनं विचारलं, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "बरं वाटलं म्हणाला." त्या दिवशी त्याच्या ताटात सगळंच्या सगळं उरलं.

* * *

मनीषाची मुलगी सई इथेच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. एकदा जेवताना मी म्हटलं, माझा सहा नंबरचा माणूस आज दोन घास जास्त जेवला. तिनं विचारलं, माझा म्हणजे कसा? मी ‘युअर मॅन’ची गोष्ट सांगितली.

ती ओरडलीच, "आजोबा! इट डझन्ट मीन ही इज युअर्स!"

मग मनीषानं समजावलं. इथे ‘युअर मॅन’ म्हणजे नुसतं ‘तो माणूस’. कुणीही. रस्त्यावरून चाललेलाही युअर मॅन!

मला फार ओशाळल्यासारखं झालं. एवढे महिने मी त्या माणसावर हक्क सांगत होतो. दुसऱ्या दिवशी जाऊन नोएलच्या कानाशी सगळं सांगितलं.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत, सार्जंट?"

"बोललो असतो तर परत आला असतास का?"

* * *

हा किस्सा मी क्लोनडॉकिनला सांगत नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत नोएलचं खाणं जवळजवळ थांबलं. एक दिवस स्वतःच म्हणाला, "डेक्लनला फोन कर. सांग, मी ग्रँड नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत या देशातल्या कुणाच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. तसाच्या तसा निरोप दिला. "तुमचे वडील म्हणतात, मी ग्रँड नाही."

 फोनमध्ये विमानाचा आवाज येत राहिला, मग बंद झाला.

रविवारी तो आला. नोएलला डोळा लागला होता. मी पलंगाशी बसलो होतो. काचेवर टकटक झाली. बाहेर टोपी घातलेला, नोएलसारखाच उंच माणूस. हवेसाठी खिडकी बोटभर उघडी असायची. तो फटीशी वाकला. तोंडाला मास्क.

"हाऊज युअर मॅन?" त्यानं मला विचारलं.

आता मला अर्थ माहीत होता. तरी मी म्हणालो, "माझा नाही. तुमचा."

त्यानं काचेतून पलंगाकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यांनाच विचारा. ऐकू येत नाही, पण ओठ वाचतात. तुम्ही बाहेर आहात, मास्क काढलात तरी चालेल."

मी चमच्यानं पलंगाच्या लोखंडावर ठोकलं. ठण्ण.

नोएल जागा झाला. "जेवण?" त्यानं विचारलं. मी खिडकीकडे बोट केलं.

त्यानं पाहिलं. मी पाठीला हात लावून त्याला बसतं केलं. त्यानं केस सारखे केले.

डेक्लननं मास्क खाली ओढला. नोएल पुढे वाकला आणि त्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला, बारीक अक्षर वाचतात तसा. माझा हात त्याच्या पाठीवर होता. त्यानं श्वास धरून ठेवलेला मला कळत होता.

डेक्लनचे ओठ हलले नाहीत.

मला वाटलं, आता माफी येणार. मग नोएलच बोलला, बहिरा माणूस बोलतो तसा, खूप मोठ्यानं. "ग्रँड! मी ग्रँड आहे, बाळा. ग्रँड!"

डेक्लननं मास्क वर ओढला. खिडकीच्या कठड्यावरचा हात काढून घेतला, आणि हिरवळीवरून गाडीकडे चालत गेला.