मुद्देमाल: एक थरथरणारी काठी

ते प्रकरण अजून मनातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एक काठी चोरीला गेली होती. नोकरीत याहून मोठे गुन्हे मी उघडकीस आणले, पण त्यांचे तपशील आठवायला मला डोकं खाजवावं लागतं. याच्यासाठी लागत नाही.

तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती आणि खरं सांगायचं तर माणसांचा कंटाळा आला होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या कंटाळ्याचा वाटा आहे.

एका सकाळी हजेरी आटोपत असताना एक तरुणी भावाच्या खांद्यावर हात ठेवून ठाण्यात आली. जन्मापासून अंध. कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत ती रबरी वॉशर बोटांनी चाचपून खराब माल बाजूला काढायची. ठाणे अंमलदाराने सवयीने विचारलं, "कुठं हरवली काठी?"

"हरवली न्हाई, चोरली," ती म्हणाली. "स्टॉपवर बाकड्याला टेकवली आन् बॅगेतनं पास काढत व्हते. हात परत न्हेला तर काठी न्हाई."

"काठीच ना ताई? दुसरी घ्या की."

त्यावर तिने आम्हाला शांतपणे समजावलं. साधी काठी जमिनीवरचा खड्डा सांगते. ही काठी गुडघ्यापासून डोक्यापर्यंत समोर काही आलं की मूठ थरथरवायची. "आमच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या उभ्या असत्यात साहेब. साधी काठी खालनं निघून जाती आन् ऊस तोंडावर येतो." तिने कपाळावरचा व्रण दाखवला. काठी एका संस्थेने दिली होती. दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

भाऊ म्हणाला, "माझी शिफ्ट उलटी हाय साहेब. रोज कोण सोडणार हिला? मी म्हणतो, बसावं घरी."

"ठेकेदार महिनाभर थांबतो म्हणालाय," ती म्हणाली. "त्याच्या आत मला माझी माझी कामावर जायाचंय."

अंमलदाराने तोवर 'गहाळ' असा अर्ज लिहायला घेतला होता. असले अर्ज घेतले की गुन्ह्यांचा आकडा वाढत नाही, तपासाचं लचांड मागे लागत नाही. तिने कागदाचा आवाज ऐकला आणि काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "चोरी लिवा. गहाळ लिवलं तर शोधणार कोण?" तिचं बरोबर होतं. मी गुन्हा दाखल करायला सांगितलं.

दहा-बारा दिवस काही हाती लागलं नाही. स्टॉपवर कॅमेरा नव्हता, कोणी काही पाहिलेलं नव्हतं. मग कवठे येमाईचे एक बागायतदार बांधाच्या भांडणाची तक्रार घेऊन आले. माझ्यासमोर चहा पिता पिता त्यांनी दुसरंच गाऱ्हाणं सुरू केलं. एका पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी सांगणाऱ्याच्या, नादी लागून त्यांनी बोअर घेतला होता आणि नुसता फुफाटा निघाला होता.

"आप्पा, तुमच्यासारख्यांनी अजून लिंबाच्या फांदीवर विश्वास ठेवायचा?" मी चिडवलं.

"फांदी न्हाई साहेब, मशीन हाय त्याच्याकडं. पांढरी काठी. पाण्यावर आली की मूठ थरथरती. मी सोता हात लावून पायलं."

मी कप खाली ठेवला.

पाणाड्या वरवंडकडचा निघाला. सत्तरीचा, धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. पंचांसमोर काठी ताब्यात घेतली आणि त्याला ठाण्यात आणलं. काठी कुठून आणली? पुण्याहून. पावती? "इद्येला पावती आस्ती व्हय?" अशा म्हाताऱ्यावर आवाज चढवून काही होत नाही, उलट तो गप्प बसतो. त्याला त्याचं काम करायला लावावं. मी म्हटलं, "आबा, आमच्याबी ठाण्यात पाण्याची बोंब हाय. बघा की जरा."

तो खरोखर उठला. आवारात काठी धरून सावकाश फिरला, भिंतीजवळ मूठ थरथरली तसा थांबला. "हितं. दोनशे फुटावर." मी त्याला मोकळ्या जागेत आणलं. काठी शांत. मग आमच्या हवालदाराला त्याच्यासमोर उभं केलं. मूठ थरथरली. हवालदार बाजूला झाला, थांबली. परत उभा राहिला, परत थरथरली.

"आबा, ह्यांच्या पोटातबी पाणी लागलं का?"

सगळं ठाणं हसलं. म्हातारा हसला नाही. तो तिथेच मातीत बसला. मग म्हणाला, "पयली माझ्या हातात फांदी फिरायची साहेब. देवाशपथ फिरायची. चार सालं झाली, हाताला काय कळतच न्हाई. लोकं बोलवायची बंद झाली. त्या दिशी स्टॉपवर बाकड्याची काठी सरकवाया धरली आन् मूठ थरथरली. मला वाटलं, माझं परत आलं."

"काठी कुणाची ते दिसलं नव्हतं?"

"दिसलं व्हतं," तो म्हणाला.

त्याची दया आली आणि रागही आला. दोन्ही बाजूला ठेवून मी त्याला अटक दाखवली. काठी कापडात गुंडाळून, लाखेचं सील लावून मुद्देमाल कक्षात ठेवली.

निरोप मिळताच ती दुपारी हजर. मी तिला कापडावरून काठी चाचपू दिली. "आज न्हेऊ?"

"कोर्टाचा आदेश लागतो. आठवडाभरात करतो."

तिने हात मागे घेतला. "तवा गहाळच लिवू दिलं असतं, तर आज मिळाली असती का?"

मिळाली असती. गुन्हाच नसता तर जप्ती नसती, कोर्टही नसतं; पण मी आठवडाभराचाच वायदा परत केला. ठेकेदाराने दिलेल्या महिन्याचे अकरा दिवस तेव्हा उरले होते.

फोटो काढायचे, पंचनामा जोडायचा, कोर्टात अर्ज द्यायचा. एका सकाळचं काम. पण दुसऱ्या दिवसापासून निवडणुकीचा बंदोबस्त लागला, मी दौंडकडे गेलो आणि विसरलो. मी कोणाला सांगितलं नाही, कोणी मला आठवण केली नाही. तीन आठवड्यांनी मुद्देमालाची तपासणी करताना काठी समोर आली. अर्ज दिला तर दुसऱ्याच दिवशी आदेश झाला. इतकं सोपं होतं ते.

काठी मी स्वतः तिच्या घरी घेऊन गेलो. ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. भाऊ म्हणाला, ठेकेदाराने दुसरी बाई घेतली. मी काठी तिच्या हातात दिली. तिने मूठ चाचपली, बटण दाबलं. चार्जिंग संपलं होतं.

"ठेवा तिथं भिंतीला," ती म्हणाली. "चोर घावला ना साहेब, तुमचं काम झालं."

त्यानंतर उरलेल्या नोकरीत मी एक शिस्त पाळली. चष्मा, कानाचं मशीन, काठी, कुबडी असं काही जप्त झालं की त्याच दिवशी कोर्टात अर्ज द्यायचा, मग ठाण्याला आग लागलेली असो. हाताखालच्या पोरांना त्यासाठी शिव्याही घातल्या. त्यांना वाटायचं, साहेबांचं डोकं फिरलंय. या प्रकरणाने मला एवढंच शिकवलं आणि ते मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच ठाऊक असायला हवं होतं.

ती पुन्हा कामाला लागली का, ते मला माहीत नाही. दोनदा त्या गावावरून गेलो. गाडी थांबवून विचारायची हिंमत झाली नाही.