चमचाभर पाणी

वाशीतल्या त्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात मी लागले, तेव्हा आमच्या आयाबाई म्हणायच्या, या सिस्टरपेक्षा तिची टोपी बरी, निदान धुतल्यावर तरी मऊ पडते. खोटं नव्हतं. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. मी साताऱ्याकडून ट्रेनिंग संपवून आलेली आणि केसपेपरवरचं अक्षर म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. नातेवाईक दिसले की माझ्या कपाळाला आठी पडायची. डबे आणि अंगारे घेऊन येणारी ही माणसं आमच्या मेहनतीवर पाणी ओततात, असं माझं ठाम मत होतं.

एका सकाळी जवळच्या पावणे गावातल्या कारखान्यांकडून एका तरुण कामगाराला आणलं. कामावर लोखंडी दांडा पोटावर बसलेला. खाडा नको म्हणून दोन दिवस पोटाला फडकं बांधून तो ड्युटीवर जात राहिला होता. आतडं फाटलं होतं. सोबत त्याची आई आणि बायको. ऑपरेशनची तयारी करताना मी त्याच्या दंडावरचा काळा दोरा कात्रीने कापला. आईने तो मुकाट्याने पदराच्या टोकाला बांधला. मग मी तिला दरडावलं, "मावशी, आता नाही आणि ऑपरेशननंतरही नाही. मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. दिलात तर पोरगा हातचा जाईल."

"तू सांगशील तवाच, बाय," ती म्हणाली.

शुद्धीवर आल्यापासून त्याचा एकच जप, पाणी. नाकात नळी, हाताला सलाइन. मी ओल्या गॉजने ओठ पुसायचे. तो गॉजच चोखायला बघायचा आणि मी ओढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी बायकोला राहवलं नाही. तिने चमचाभर पाणी त्याच्या तोंडाशी नेलं. मी धावेपर्यंत सासूनेच तिच्या मनगटावर फटका मारला. पाणी चादरीवर सांडलं.

"मारतेस काय त्याला? बाय काय बोलली, आयकलं नाय?"

मला अभिमान वाटला, आज सांगायला लाज वाटते. अशी नातेवाईक सगळ्या पेशंटना मिळो, असं मी आयाबाईंना म्हणालेसुद्धा. त्या ओली चादर बदलत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचं पोट फुगून कडक झालं होतं, लघवी बंद, नाडी बोटाखाली लागेना. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावलं. "विष अंगभर पसरलंय. दुपार काढेल असं वाटत नाही. थिएटरात पेशंट टेबलावर आहे, ते ऑपरेशन उरकून आलो की घरच्यांना मीच सांगतो." आणि ते गेले.

मी खाटेपाशी परत आले. तोंडाने काही द्यायचं नाही, हे केसपेपरवर तसंच होतं. आता पाण्याने बिघडण्यासारखं काही उरलं नाही, हे मला कळत होतं. थिएटर चार पावलांवर. दार ठोठावून विचारायला कितीसा वेळ लागला असता? पण ऑपरेशन चालू असताना असलं काही विचारलं तर बोलणी बसतील याची मला भीती वाटली. आणि ज्या पाण्याने जीव जाईल म्हणून बजावलं, तेच आता द्या म्हटलं, तर आई समजायचं ते समजेल, याचीही. तिला सामोरं जायचं काम मला डॉक्टरांवर ढकलायचं होतं. मी सलाइनचे थेंब मोजत उभी राहिले.

त्याने ओठ हलवले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "जरा दम धर रं बाला. बाय सांगल ना."

डॉक्टर बाहेर यायच्या आधीच तो गेला. नाडी पाहून मी त्याचा हात खाली ठेवला, तेव्हा बायकोने हंबरडा फोडला.

वैऱ्याच्याही तोंडात शेवटचं पाणी घालावं म्हणतात. माझ्या आजोबांना मी स्वतः तुळशीच्या पानाने घातलं होतं.

आई रडली नाही. तिने खाटेखालचा तांब्या काढला, चमचा पदराने पुसला आणि अगदी पहिल्या दिवशीच्याच आवाजात मला विचारलं, "आता देऊ का गो बाय?"

मी हो म्हणाले.