गंजीवर टेकलेला नकाशा

"दोन्हीत हाय का?" भिंगावरचे डोळे न काढता दादांनी असं विचारलं, की समजायचं, आपलं काम अजून संपलेलं नाही.

आमच्या नकाशा कचेरीत विमानातून काढलेले जमिनीचे फोटो जोडले जात. एका फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोत पुन्हा आलेला असे. यंत्राच्या दोन भिंगांतून ते दोन्ही एकदम पाहिले, की सपाट कागदावर डोंगर उभा राही आणि ओढा खाली उतरे. पण फोटोला फोटो जोडायचा तर दोन्हीत दिसणारी एकच खूण लागे. विहिरीचा कोपरा, बांधावरचा दगड, असं काहीतरी.

दादा माझे कचेरीतले वरिष्ठ, मूळचे नेकनूरचे. अंगानं भरलेले, हसले की खुर्चीही हलायची. यंत्राचा नियम त्यांनी सगळ्या जगाला लावला होता. कुणी बदलीची बातमी आणली, तर ती दुसऱ्या तोंडून कळेपर्यंत ते पेढा खात नसत. मुलीसाठी स्थळ पाहायला एकदा निरोप देऊन गेले आणि एकदा न सांगता. दुसऱ्या खेपेला नवरदेव आईवर खेकसताना सापडला. दादा चहा न घेता उठले आणि आठवडाभर कचेरीत तो किस्सा रंगवून सांगत होते. तुमच्याही ओळखीत असं एखादं चिकट माणूस असेलच.

दुष्काळ होता. शिरूर कासारकडच्या एका गावातल्या सहकारी संस्थेला पाझर तलाव हवा होता आणि त्याचा नकाशा आमच्याकडे आला. तलाव भरल्यावर पाणी जिथवर येईल, ती रेघ नकाशात सरूबाईच्या विहिरीवरून जात होती. सरूबाई विधवा, संस्थेची सभासद. विहीर बुडाली तर तिच्याकडे राहणार होता फक्त ऊसतोडीचा कोयता. तिची संमती हवी होती, तीही गावातल्या टोळ्या कारखान्याला निघायच्या आत.

त्या विहिरीजवळच विमानाच्या दोन फेऱ्यांतल्या फोटोंचे दोन पट्टे जुळत होते आणि जोडात थोडी फट राहत होती. एवढं चालतं, असं साहेब म्हणाले. नियमाप्रमाणे चालतही होतं.

"त्या फटीत एका बाईची विहीर हाय, साहेब," दादा म्हणाले आणि मला घेऊन एसटीत बसले.

सरूबाईनं फोटो हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा. दादांनी जोडाची खूण बोटानं दाखवली. हे काय आहे, विचारलं.

"ही माजी कडब्याची गंज. लई उंच रचली व्हती."

"आता कुठं हाय?"

"बैलांनी खाल्ली की. दुष्काळात ठेवत्यात का?"

दादा मटकन बांधावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. "कावून हसता, साहेब?" ती जरा रागानंच म्हणाली. एका पट्ट्याचे फोटो घेतले तेव्हा गंज पुरती भरलेली होती. शेजारच्या पट्ट्यासाठी विमान पुन्हा येईपर्यंत ती पुरुषभर उतरली होती. दादांनी दोन्ही वेळचा माथा एकच धरला, म्हणून नकाशात तिचं रान तेवढं खाली दबलं होतं आणि पाण्याची रेघ विहिरीवर चढली होती. ही खूण दुसऱ्या कुणी नाही, दादांनी स्वतः निवडली होती.

संध्याकाळी देवळासमोर संस्थेची बैठक होती. चेअरमन म्हणाले, मुकादमाचा ट्रक दारात उभा आहे, आता कसला नवा नकाशा? दादांनी सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे, गंजीवर नकाशा मी टेकवला. टोळी निघायच्या आत नवी रेघ घेऊन येतो. मला वाटलं, माणसं चिडतील. पण बैलांनी सरकारचा नकाशा खाल्ला म्हणून एक म्हातारा असा खिंकाळला, की सगळी बैठक हसत सुटली.

दादांनी सगळा जोड पुन्हा मोजला. या वेळी खुणा घेतल्या दगडी बांधकामाच्या. ट्रक सुटायच्या आदल्या दिवशी आम्ही चुन्याच्या फक्कीनं शिवारात रेघ ओढली. विहीर रेघेच्या बाहेर होती. सरूबाई रेघेवरून चालत गेली, परत आली, आणि मग तिनं सही केली.

तलाव झाला आणि दोन पावसाळ्यांनी भरला. पाणी वळणावळणानं नेमकं रेघेपाशी येऊन थांबलं. दादा तेव्हा निवृत्त झाले होते, पण मला ओढतच घेऊन गेले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ते पाण्याच्या कडेनं पूर्ण फेरी मारून आले. सरूबाईच्या विहिरीला काठावरून हात बुडेल इतकं वर पाणी आलं होतं, शेजारी ज्वारी उभी होती.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला मात्र ते अजून तिथेच दिसतात. त्या दिवशी ऊसतोडीचा ट्रक रस्त्यावर येऊन थांबला होता. मुकादमानं हाक मारली. ज्वारीला पाणी देणाऱ्या सरूबाईनं पाटातून पाय काढला नाही, खोऱ्यानं दुसरा वाफा फोडला आणि नुसती मान हलवली. ट्रक तिला न घेता निघाला, आणि माझे दादा, चिखलानं माखलेल्या पायांनी, बांधावर उभे राहून एकटेच टाळ्या वाजवत होते.