बिजलीचं रक्त फ्रीझरमध्ये गेलं

मेलेल्या घोडीचं रक्त दुसऱ्यांदा कुठून आणायचं, सांगता का मला?

रक्त काढल्यापासून चौथ्या दिवशी संध्याकाळी मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. गाढवाच्या काचेवर गुणसूत्रं होती. खेचराच्या काचेवर होती. बिजलीच्या काचेवर नुसता कचरा.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. आमचं काम गुणसूत्राच्या कमरेवर. पेशी दुभंगताना गुणसूत्रं ओढून वाटली जातात, ती जिथं धरून ओढतात ती जागा म्हणजे ही कंबर, सेंट्रोमिअर. बहुतेक प्राण्यांत तिथं डीएनएची तीच ती अक्षरं हजारो वेळा येतात, एकच घोषणा भिंतभर छापावी तशी. घोड्याच्या एका गुणसूत्रात मात्र ही भिंत कोरी आहे. गाढवाच्या तर कितीतरी. भिंत कोरी असली की कंबर एकाच जागी टिकत नाही, जनावरागणिक थोडी सरकते. आईकडून पिल्लाकडे येताना, एका पिढीत, ती सरकते का? ते बघायला घोडी, गाढव आणि त्यांचं खेचर तिघंही हवेत. आणि पेशी जिवंत हव्यात. मेलेल्या रक्तातून अक्षरं वाचता येतात, कंबर कुठं बसली होती ते कळत नाही.

असं कुटुंब एका दावणीला सापडणं अवघड. आम्हाला ते तळेगाव ढमढेऱ्याच्या आप्पांकडे सापडलं. गाढव आणि खेचर दौंडजवळच्या वीटभट्टीवर विटा वाहायचे. बिजली घरी. एकेकाळी बैलगाडा शर्यतीत बैलांपुढं धावलेली घोडी, आता म्हातारी आणि आजारी.

"लोक हसत्यात मला," आप्पा म्हणाले होते. "म्हंत्यात, शर्यतीची घोडी आन् पोटी खेचर! तुमच्या कागदात तिचं नाव छापा म्याडम, मंग दावतो एकेकाला."

"छापू की. बिजली, तळेगाव ढमढेरे."

"आन् माझं नगं. रक्त तिचं हाय."

सोमवारी सकाळी मी बिजलीचं रक्त काढलं. पुढं गाढवाचं आणि खेचराचं रक्त घ्यायला दौंडला जायचं होतं. भर उन्हात तिच्या रक्ताचा डबा गाडीवर तापेल म्हणून तो गावातल्या दूध संकलन केंद्रात दत्ताभाऊंकडे थंडाव्याला ठेवला. संध्याकाळी येताना उचलला, पुण्यात येऊन तिघांचं कल्चर लावलं. कल्चर म्हणजे पेशी वाढायला घालणं. त्याला तीन दिवस लागतात.

कल्चर लावताना बिजलीचं रक्त नळीत थर धरत नव्हतं. घोड्याचं रक्त थोडा वेळ उभं ठेवलं की वर पिवळसर पाणी येतं. हे खालपासून वरपर्यंत लालभडक. मी ते पाहिलं. आजारी घोडीचं असेल, असं स्वतःला सांगितलं आणि पुढं गेले.

मंगळवारी दुपारी आप्पांचा फोन आला.

"म्याडम, बिजली गेली."

तेच पुढं म्हणाले,

"खड्डा खणायला घेतलाय. तुमाला आजून काय लागतंय का तिचं? आत्ताच सांगा."

कानाचा नखाएवढा तुकडा पुरला असता. कातडीच्या पेशी मेल्यावरही काही तास जिवंत असतात. मला हे माहीत होतं.

"नको आप्पा," मी म्हणाले. "रक्त आहे आपल्याकडं."

गुरुवारी काचेवर कचराच दिसला तेव्हा मी दत्ताभाऊंना फोन केला.

"फ्रीझरला ठिवलं व्हतं की," ते म्हणाले. "पार दगड झालं. तुमी यायच्या आधी दोन तास भाईर काडलं. का वो?"

"फ्रीझरमध्ये कोणी सांगितलं?"

"डब्यावर लिवलंय न्हवं? आमी दुधातली माणसं, लिवल्यापरमानं करतो."

मी डबा पाहिला. जुना डबा, आधीच्या कामाचं स्टिकर: फ्रीझरमध्ये ठेवा. ते खरवडून काढायचं काम माझं. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात, म्हणूनच ते वरपर्यंत लाल होतं. एकही उरत नाही.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, आमच्या सरांना, सांगितलं. ते म्हणाले,

"रिपोर्टमध्ये लिही, दूध केंद्राची चूक."

"स्टिकर माझं होतं, सर."

"मग शिरूरमधून दुसरी घोडी बघ. खेचराची आई म्हणून तिचंच रक्त लावू. कोण तपासायला येतंय?"

"ती त्याची आई नाही."

"मग प्रोजेक्ट बंद होईल, कळतंय का?"

"कळतंय."

प्रोजेक्ट बंद झाला. कमरेचं उत्तर मिळालं नाही, आता त्या खेचराकडून कधीच मिळणार नाही. खोटी आई लावून पोराचा वंश शोधणारं विज्ञान मला नको होतं. पण त्यानं बिजली परत येत नाही. तत्त्वाला घट्ट धरून बसणं सोपं होतं. स्टिकर खरवडायला दोन मिनिटं लागली असती.

आप्पांना सांगायला मी स्वतः गेले. सगळं सांगितलं, फोनवरचं "नको" सुद्धा. 

"म्हंजी नाव न्हाई छापणार," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मग उठून गोठ्याकडे गेले.

ते नाव इथं छापते आहे. बिजली, तळेगाव ढमढेरे. एवढंच उरलं माझ्या हातात.

तुमच्याकडून एक हवं आहे. तुमच्या गावात घोडी, गाढव आणि त्यांचं खेचर तिघंही जिवंत असतील, तर आजच जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात कळवा; आमचा प्रोजेक्ट संपला, प्रश्न उरलाय. आणि माझ्यासारखं कोणी रक्ताचा डबा सांभाळायला दिला, तर वर काय लिहिलंय ते वाचून थांबू नका. देणाऱ्याला तोंडावर विचारा, आतलं जिवंत ठेवायचंय का? तो अडखळला, तर डबा परत करा.